रोगाची किंमत कोणी मोजायची?

दिल्लीजवळच्या रोहतक जिल्ह्यात, लाहली येथे, मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढवून दाखविली. नापीक जमिनीसाठी ही मोठी संधी आहे. तथापि १९९४-९५ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील तळी उद्ध्वस्त करणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू विसरता कामा नये. लागण झाल्यावर ३ ते १० दिवसांत बहुतेक कोळंबी मरते. त्यावर औषध नाही. तोट्याच्या भीतीने उत्पादक रोग लपवितो, दूषित पाणी बाहेर सोडतो आणि नुकसान शेजाऱ्याच्या वाट्याला येते. बाजार ही किंमत मोजत नाही. म्हणूनच रोगमुक्त बीज, नियमित तपासणी आणि भरपाई यांवर सार्वजनिक खर्च व्हावा. रोग कळविणाऱ्यास आधार मिळाला, तरच त्याची वार्ता वेळेवर कळेल.