बदलीचा हुकूम

मराठी माणसाने दिल्लीत नोकरी करावी आणि क्रिकेट सोडून फुटबॉलवर जीव जडवावा, हे आमच्या स्नेह्यांना थोडे विपरीतच वाटते. परंतु २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, राजधानीला ‘दिल्ली डायनामोज’ हा संघ लाभला आणि माझ्या कित्येक संध्याकाळी जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये जाऊ लागल्या. त्या संघाने पाच हंगामांत पाच प्रशिक्षक पाहिले. त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पहिले हार्म व्हान फेल्डहोव्हन. संघ नवा, खेळाडू परस्परांना अपरिचित. तरी उपान्त्य फेरी अवघ्या एका गुणाने हुकली. आम्ही मात्र ‘फार सावध गृहस्थ’ म्हणून त्यांना निकालात काढले. तो अन्याय होता, हे आज कबूल करतो. २०१५ साली ब्राझीलचे जगज्जेते रोबेर्तो कार्लोस आले. ते स्वतः मैदानात उतरले, की आम्ही सामना विसरून त्यांनाच पाहत बसत असू. उपान्त्य फेरीत दिल्लीत गोव्यावर १-० असा विजय मिळाला. गोव्यात जाऊन मात्र आम्ही ०-३ असे हरलो.

पुढच्या वर्षीचे झांब्रोता हे इटलीच्या २००६ च्या विश्वविजेत्या संघातील बचावपटू. पण त्यांनी आक्रमण शिकविले. मार्सेलिन्होने दहा गोल करून त्या हंगामात अग्रस्थान मिळविले. केरळविरुद्ध पेनल्टींवर आम्ही उपान्त्य फेरीत हरलो, तरी पाचांत मी त्यांनाच श्रेष्ठ मानतो. त्यानंतरचे मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि जोसेप गोंबाऊ हे दोघेही स्पेनचे, आणि दोघांच्याही वाट्याला आठवा क्रमांक आला. गोंबाऊंचा भर छोट्या, अचूक पासांवर होता. ही विद्या एका वर्षात अंगी बाणत नाही. पण तेवढा धीर आम्हा प्रेक्षकांपाशी कोठे होता?

मी सरकारी नोकर. दर वर्षी अधिकारी बदलला, की कचेरीचे काय होते, ते मी जाणतो. नवा माणूस जुनी फाईल समजून घेतो न घेतो, तोच त्याच्या हाती बदलीचा हुकूम पडतो. भारताने १९५१ साली याच दिल्लीत आशियाई सुवर्णपदक जिंकले, १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले आणि १९६२ साली जाकार्तात पुन्हा सुवर्णपदक पटकाविले. मधे खंड पडले असतील. पण या तिन्ही वेळी प्रशिक्षक एकच होते, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

गोंबाऊंना मात्र दुसरे वर्ष मिळाले, पण ते भुवनेश्वरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये संघच तिकडे गेला आणि ‘ओडिशा एफसी’ झाला. पाच वर्षे आम्ही प्रशिक्षकांच्या गुणदोषांचा काथ्याकूट करीत राहिलो, कोण राहावा नि कोण जावा यावर भांडलो. अखेरीस बदली झाली ती संघाची. आणि त्या हुकमावर प्रेक्षकांचा अभिप्राय कोणी मागविला नाही.