सरकारी माणूस किती हवा?



सरकारी नोकर किती कमी करावेत, हा प्रश्न पाथरीत निघावा हे उचितच झाले. फेरिश्त्याच्या इतिहासाप्रमाणे अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे या पाथरीचे कुलकर्णी. पुढे तख्तावर बसलेल्या बुऱ्हाण निजामशहाने पूर्वजांचे हे गाव वऱ्हाडच्या इमादशाहीपासून 1518 साली लढून घेतले. राज्य हाती असताना त्याचा जीव दप्तराच्या गावावर अडकला होता! 2023 साली तलाठ्यांच्या 4,644 जागांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले. त्या उमेदवारांना हसण्याचा अधिकार मग आम्हाला कसा पोहोचतो?

नोकरशाही फुगली आहे ही तक्रार खोटी नव्हे. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाने 1997 साली सांगितले की, दहा वर्षांत सुमारे 30 टक्के नोकर कमी करा. सरकारने पगारवाढीची खीर खाल्ली आणि कपातीचा काढा तसाच ठेवला.

आमच्या राज्यात कपात झाली ती मागील दाराने. मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक पदे रिकामी असल्याचे गेल्या काही वर्षांत वारंवार पुढे आले. पद रद्द करायचे तर कारण द्यावे लागते. रिकामे ठेवले तर कोणी विचारीत नाही. कंत्राटी भरतीचा शासननिर्णय सप्टेंबर 2023 मध्ये निघाला आणि ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. 2024 साली तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' हे भारदस्त नाव मात्र मिळाले. नावाला खर्च येत नाही.

या काटकसरीची किंमत कोण देतो? 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक या तिघांनी बांधावर जाणे. एकाकडे दोन-दोन सजांचा कारभार असला की सोयाबीन पाण्यात कुजते आणि शेतकरी वाट पाहत बसतो. कोणी म्हणतील, 2018 पासून सातबारा डिजिटल सहीने मिळतो, आता तलाठी कशाला? उतारा यंत्र देते हे खरे. परंतु भावाभावांत तंटा असलेला वारसाचा फेरफार यंत्राने मिटत नाही. तिथे दोघांना समोर बसवून ऐकणारा माणूसच लागतो.

म्हणून आम्ही म्हणतो, कात्री वरून चालवावी. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि पुढे एका तालुक्यात शेतीची दोन दप्तरे नांदू लागली. एक कृषी अधिकारी पंचायत समितीचा, दुसरा तालुका कृषी अधिकारी राज्य शासनाचा. शेतकरी तोच, बियाणे तेच. योजना मात्र या खिडकीवर की त्या, हे त्याने हेलपाटे घालून शोधावे. ही दोन दप्तरे एक करावीत. त्यातून मोकळ्या होणाऱ्या पदांचा पगार गावपातळीच्या रिकाम्या जागांवर खर्चावा. कुणाला घरी बसवण्याची गरज पडू नये.

यात अडचण आहे. दोन्हीकडच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या, म्हणून बढतीच्या भीतीने कर्मचारी विरोध करतील. ती भीती खरी आहे. एकीकरणापूर्वी संयुक्त यादीचे नियम लेखी ठरवून संघटनांपुढे ठेवावेत, आणि मगच पहिले दप्तर उचलावे.