शेजारधर्म

श्रोतेहो, सरकारी नोकरीत 'बदली' हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो, की तिच्यामुळे घरातील मुलांचे काय हलते याचा विचार क्वचितच मनात येतो. पूर्व दिल्लीत आमच्या शेजारी वसईकडील एक ख्रिस्ती कुटुंब राहते. गृहस्थ माझ्यासारखेच सरकारी नोकर. त्यांची सतरा वर्षांची कन्या एकदा मला म्हणाली, "काका, वसईला देवळातून घर पाच मिनिटांवर होतं, तरी यायला तास लागायचा. इथं तासभर प्रवास करावा लागतो आणि वाटेत ओळखीचं एक माणूस भेटत नाही."

वसईचे कॅथलिक चर्चला देऊळ म्हणतात आणि 'पॅरिश'ला धर्मग्राम. हा दुसरा शब्द मला विशेष आवडतो. त्यात गाव आहे. वसईत एका धर्मग्रामाचा सण म्हटला, की शेजारच्या चार धर्मग्रामांतील तरुण पाहुणे म्हणून हजर असतात. सोयरीक आणि शेती यांनी ते आधीच बांधलेले असतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा गावोगावची तरुण मंडळी त्यात उतरली. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादरांनी भूषविले, हे आपणांस स्मरत असेलच. सांगायचे ते इतकेच, की तेथे शेजार आयता होता. दिल्लीत तो घडवावा लागतो.

आणि तो घडविणे किती अवघड, हे कळण्यासाठी थोडा कारभाराचा तपशील सांगणे प्राप्त आहे. (त्याची गोडी मला सवयीने लागलेली आहे, आपण क्षमा करावी.) गोल डाकखान्याजवळील सेक्रेड हार्ट कॅथीड्रलची कोनशिला १९२९ साली बसविली, ती आग्र्याच्या आर्चबिशपांनी, कारण दिल्ली तेव्हा आग्र्याच्या धर्मप्रांतात होती. १९३७ मध्ये ती सिमल्याशी जोडली गेली, आणि १९५९ मध्ये दिल्लीचा धर्मप्रांत स्वतंत्र झाला. यमुनेपलीकडे त्या काळी नोएडा नावाचे नगरच नव्हते. ते पुढे वसले, परंतु वसले उत्तर प्रदेशाच्या भूमीवर. म्हणून नोएडाचे कॅथलिक आजही आग्र्याकडे आणि गाझियाबादचे मेरठकडे मोडतात. गुडगाव आणि फरिदाबाद मात्र हरियाणात असूनही दिल्लीकडे. मयूर विहार एक्स्टेन्शनला मेट्रोत बसलेला मुलगा दुसऱ्या स्थानकावर, नोएडाच्या सेक्टर पंधराला, उतरतो तेव्हा त्याचे राज्य बदलते आणि धर्मप्रांतही बदलतो. त्याचे महाविद्यालय, क्रिकेटचा संघ, मित्र हे सारे मात्र त्याच मेट्रोच्या मार्गावर पसरलेले असते.

याखेरीज परंपरांचा भेद आहेच. लॅटिन परंपरेच्या शेजारी केरळातून आलेली सीरो-मलबार मंडळी आहेत. त्यांच्यासाठी २०१२ साली फरिदाबादला वेगळा धर्मप्रांत झाला. सीरो-मलंकारा परंपरेचा धर्मप्रांत २०१५ साली गुडगावला स्थापन झाला. एकाच इमारतीच्या एकाच जिन्यावर राहणारी तीन कॅथलिक मुले तीन वेगवेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली असू शकतात. आम्हां प्रशासकांनाही इतकी गुंतागुंत सहसा साधत नाही!

अशा स्थितीत एकेका धर्मग्रामाच्या तरुणांचे मंडळ टिकावे कसे? दृढीकरणाचा संस्कार होईपर्यंत मुले नेमाने धर्मशिक्षणाला येतात. त्यानंतर दहावी-बारावीच्या शिकवण्या, पुढे पुणे, बंगलोर नाहीतर कॅनडा. गिटार वाजविणारा गेला की गायनवृंद मुका होतो. माझ्या शेजाऱ्यांच्या धर्मग्रामात एका वर्षी सभेला पाच जण उरले होते. तेव्हा पाचांनी शेजारच्या चर्चमधील सातांना गाठले, त्या बारांनी पलीकडच्यांना. आणि महिन्यातून एका शनिवारी आळीपाळीने एकेका चर्चच्या सभागृहात जमण्याचा पायंडा पडला. वर्षभरात खुर्च्या अपुऱ्या पडू लागल्या. प्रार्थना, गाणी, फुटबॉलचे सामने, हिवाळ्यात रस्त्याकडेला निजणाऱ्यांना पांघरुणे वाटणे, असा त्यांचा कार्यक्रम असतो. धर्मगुरूंनी परवानगी दिली; पण निमित्त मुलांचेच होते. वाढ झाली ती कोणाच्या परिपत्रकाने नव्हे, हे मी परिपत्रके काढणारा मनुष्य मुद्दाम नमूद करतो.

तथापि एक गोष्ट मला खटकली. ती त्या मुलीलाच आधी खटकली होती. शनिवारी जमणारी मुले इंग्रजीत बोलतात. रविवारी दुपारी त्याच आवारात झारखंड-छत्तीसगडकडील आदिवासी मुली येतात. त्या याच मुलांच्या, आणि आपल्यासारख्यांच्याही, घरी धुणीभांडी करतात, तान्ही मुले सांभाळतात. आठवड्यातील तेवढीच त्यांची सुट्टी. झाडाखाली बसून त्या सादरीत बोलतात, गावाकडे फोन करतात, कोणाचा पगार अडकला आहे याची चौकशी करतात. वयाने त्याही अठरा-वीसच्या. धर्म एक, धर्मग्राम एक, आणि तरी 'आमचे युथ' म्हणताना त्या कोणाच्या डोळ्यांपुढे येत नव्हत्या. तीन धर्मप्रांतांच्या सीमा ओलांडणाऱ्या तरुणांना त्या आवारातील झाड ओलांडता येत नव्हते.

बेल्जियममध्ये जोसेफ कार्डीन नावाचे धर्मगुरू होऊन गेले. धर्मशिक्षणासाठी गेलेला हा तरुण सुट्टीत घरी परतला, तेव्हा कारखान्यात कामाला लागलेले त्याचे बालमित्र त्याच्याकडे परक्यासारखे पाहू लागले. ते शल्य त्यांनी जन्मभर वागविले. १९२५ साली त्यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभारली. पाहा, पारखा, कृती करा, ही तिची पद्धती. पुढे ती अनेक देशांत पसरली. १९६५ मध्ये ते कार्डिनल झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुरू केलेल्या जागतिक युवा मेळाव्यांना, मनिलाला १९९५ साली किंवा लिस्बनला २०२३ साली, लक्षावधी तरुण लोटले, त्याचे कौतुक मला आहे. पण शेजारच्या घरात राबणाऱ्या तरुणाला ओळखण्याची विद्या मेळाव्यात शिकता येते की नाही, याविषयी मी साशंक आहे.

शेजाऱ्यांच्या कन्येने हा विषय शनिवारच्या सभेत काढला. वाद झाला म्हणे. कोणी म्हणाले, त्यांना इंग्रजी समजत नाही. कोणी म्हणाले, त्यांना शनिवारी सुट्टी नसते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शेवटी पुढच्या महिन्याची सभा रविवारी दुपारी आणि हिंदीत घ्यावी, असे थोड्या मतांनी ठरले. काही नेहमीची मुले त्या दिवशी आली नाहीत. झाडाखालच्या मुलींपैकी चौघी सभागृहात आल्या आणि दाराजवळच्या खुर्च्यांवर बसल्या.

संध्याकाळी ती मुलगी जिन्यात भेटली. कसे झाले, असे मी विचारले. म्हणाली, "त्यांनी सादरीत एक गाणं म्हटलं, काका. आम्हांला एकालाही ते येत नव्हतं. पुढच्या रविवारी शिकवणार आहेत." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि त्यांतली एक आपल्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर काम करते. दोन वर्षं झाली."

चौथ्या मजल्यावर, श्रोतेहो, मीही राहतो. ते घर माझ्या समोरचे आहे.