पाण्याखालचं भात किती दिवस तग धरतं?

आवणी उरकते, त्याच रात्री पाऊस कोसळतो आणि खाडीला भरती असली की शेतातलं पाणी उतरत नाही. आपल्या जासईच्या खारपट्ट्यात हे नवं नाही. त्यात आजूबाजूला भराव पडले की पाण्याची वाटच अडते. बुडालेल्या रोपांची आशा किती दिवस धरायची, हा प्रश्न आमच्या गटात दर पावसाळ्यात निघतो.

भाताच्या पानात, खोडात आणि मुळात हवेच्या बारीक वाटा असतात. शेंडा पाण्याबाहेर असेल तर हवा थेट मुळापर्यंत उतरते, म्हणून भात चिखलात सुखाने उभं राहतं. वालाला ही सोय नाही. त्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो पिवळा पडतो.

शेंडाही बुडाला की खरी परीक्षा. झाडाची प्रत्येक पेशी साखरेतून शक्ती काढते. प्राणवायू असेल तर साखरेच्या एका कणापासून शक्तीचे ३० च्या आसपास वाटे मिळतात. नसेल तर फक्त २. मग साखर अर्धवटच मोडते आणि तिची दारू होते. हो, दारूच! गावातल्या भट्ट्या बंद करायला आपण मोर्चे काढतो आणि इथे मुळाशीच भट्टी लागलेली. धावताना दम लागला की आपल्या मांड्याही याच आडवाटेने जातात, फक्त तिथे दारू न होता दह्यातलं आम्ल होतं.

२ वाट्यांवर जगायचं तर साखर भराभर संपते. त्यातच साधं भात हवेसाठी घाईने उंच वाढतं आणि उरलीसुरली शिदोरी उडवतं. पाणी ओसरलं की तेच लांबट रोप आडवं पडतं, तेव्हा उंची बघून खूश होऊ नका. पुरतं बुडालेलं साधं वाण आठवडाभराच्या पुढे सहसा टिकत नाही. पाणी नितळ असेल तर पानाला उजेड मिळून थोडा आधार होतो, गढूळ पाण्यात तोही नाही.

रहू पेरणाऱ्यांनी आणखी एक बघा. भाताचं बी पाण्याखाली हवेवाचूनही कोंब काढतं, पण मूळ धरत नाही. कोंब दिसला तरी पाणी काढावंच लागतं.

ओडिशातल्या एका जुन्या भाताचा गुण घेऊन तयार केलेलं स्वर्णा सब-१ हे वाण २००९ मध्ये आपल्या देशात आलं. ते बुडाल्यावर वाढच थांबवतं, साखर राखतं आणि दोन आठवड्यांपर्यंत तगतं. पण ते गोड्या पाण्याच्या पुरासाठी. खारीचा त्रास वेगळा. त्यासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राची पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं आहेत. आपल्या शेताला कशाचा धोका जास्त, बुडण्याचा की खारीचा, ते ठरवून मगच बियाणं मागा.

यंदा पावसाआधी बांधावरच्या उघाडीची झडप नीट उघडते-मिटते का, ते आम्ही गटाने बघून येणार आहोत. ओहोटीची वेळ धरून निघू, ज्यांना यायचंय त्यांनी विळा घेऊन या, वाटेत झाडोरा फार माजलाय.