शरीरातील लोहाची आवक

अंगणवाडी सेविका आणि आशा भगिनींनो,

लोहाच्या गोळ्या आपण घरोघरी पोहोचविता. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील दर १०० पैकी ५४ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. गोळी हाती पडणे आणि तिच्यातील लोह रक्तात उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये आतडे आहे. त्याचा कारभार समजला, तर गोळी अर्ध्यावर का सोडू नये, हे पटवून देणे आपणांस सोपे जाईल.

प्रौढ माणसाच्या शरीरात अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा मोठा भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असतो. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या मोडल्यावर त्यांतील लोह नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. अशा रीतीने रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह शरीरातल्या शरीरातच फिरते. बाहेरून रोज १ ते २ मिलिग्रॅम मिळाले तरी सामान्यतः पुरते. गरोदरपणात मात्र ही गरज बरीच वाढते.

कोणत्याही कचेरीत आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. लोहाच्या बाबतीत शरीरापाशी जावक विभागच नाही. जादा लोह ठरवून बाहेर टाकण्याची सोय नाही, आणि साठून राहिलेले लोह यकृत व हृदय यांना अपाय करते. म्हणून सारा बंदोबस्त आवकेच्या दारीच ठेवलेला आहे.

हे दार लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात आहे. तेथील पेशी अन्नातील लोह आत घेतात आणि फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनाच्या वाटेने ते रक्तात सोडतात. शरीरातील साठा पुरेसा असला, की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक स्रवते. ते ही वाट बंद करते. मग लोह पेशीतच अडकते आणि काही दिवसांत ती पेशी झडली, की तिच्याबरोबर मलावाटे निघून जाते. साठा घटला अथवा रक्तस्राव झाला, की हेप्सिडिन कमी होऊन वाट मोकळी होते.

मग गरजू स्त्रीलाही लोह अपुरे का पडते? धान्य-कडधान्यांतील फायटेट व चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवतात. ते दारापाशी येऊनही आत शिरत नाही. ताप वा जंतुसंसर्ग असताना हेप्सिडिन वाढते. अंकुशकृमीसारखे जंत आतड्यात रक्त शोषत असतील, तर झालेली आवक तुटीला पुरी पडत नाही.

यावरून काही गोष्टी सांगता येतील. गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साह्य करते. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. जंतनाशक औषध चुकवू नये. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. मोठ्या मात्रेनंतर हेप्सिडिन सुमारे दिवसभर चढलेले राहते. शौचास काळसर होते, ते न शोषलेल्या लोहामुळे. त्याने घाबरू नये. मळमळ होत असल्यास गोळी बंद न करता आरोग्य केंद्रात विचारावे. थॅलेसीमियासारख्या आजारात मात्र मूळ बंदोबस्तच ढिला पडून लोह साठत जाते. अशा रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून लोह घेऊ नये. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. एकदम पोटात गेलेल्या अनेक गोळ्या जिवावर बेततात.

गरोदर मातेसाठी रोज एक याप्रमाणे १८० दिवसांच्या गोळ्या ठरविल्या आहेत. ही संख्या दीर्घ वाटते. पण दार अरुंद आहे आणि रोज थोडेच आत येते. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही रिता साठा भरण्यास आणखी काही महिने लागतात. पंधरा दिवसांत बरे वाटले म्हणून गोळी थांबविणाऱ्या भगिनीला आपण एवढे अवश्य सांगावे.