कवळीचे दात आणि चाव्याची जुळणी



आम्ही दंतवैद्य नव्हे, बँकेतील कारकून. परंतु पेन्शनसाठी आमच्या काउंटरवर येणाऱ्या कित्येक वृद्धांची कवळी तोंडात नसते, घरी डबीत असते. विचारले तर "हलते, टोचते" एवढेच उत्तर मिळते. पदरचे पैसे खर्चूनही भाकरी पाण्यात भिजवून गिळावी लागते. असे का व्हावे, या जिज्ञासेपोटी आम्ही जे वाचले, त्याचे सार येथे मांडत आहोत.

नैसर्गिक दात मुळाने हाडात रोवलेला असतो; पूर्ण कवळी नुसती ओल्या हिरडीवर टेकलेली असते. एका बाजूला जोर पडला की दुसरी बाजू उचलते. म्हणून दोन्हीकडच्या दाढा एकाच वेळी टेकाव्यात आणि जबडा बाजूला सरकला तरी टेकू सुटू नये, अशी रचना करतात. हाच संतुलित चावा.

दाढांचे आकार मुख्यतः तीन. पहिला उंचवट्यांचा. झुरिकचे आल्फ्रेड गिझी यांनी ३३ अंश उताराच्या अशा दाढा घडविल्या. त्यांनी घास चांगला तुटतो; पण हिरडी झिजलेली असल्यास हेच उतार कवळीला आडवे ढकलतात. दुसरा सपाट, म्हणजे शून्य अंशाचा. त्यात आडवा रेटा कमी, पण घास तोडण्याची धारही कमी. तिसरा या दोहोंमधला, सुमारे २० अंशांचा. याखेरीज वरच्या दाढेचा फक्त टाळूकडील उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात टेकविण्याची पद्धत पेन यांनी १९४१ मध्ये वर्णिली. ती आजही वापरात आहे.

सर्वांना एकच आकार योग्य, असे नाही. हिरडीची उंची आणि जबड्यांची ठेवण पाहून निवड करावी लागते. शिवाय दात गेल्यावर हाड झिजतच राहते. टॉलग्रेन यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. म्हणजेच आज जुळलेला चावा काही वर्षांनी बिघडू शकतो.

म्हणून ज्येष्ठांना आमची विनंती, कवळी टोचली तर घरी कानशीने घासू नका. दंतवैद्याकडे जा आणि "चावा तपासा" असे स्पष्ट सांगा. समोरच्या दातांनी पेरू तोडू नका. लहान फोडी करून दोन्ही बाजूंनी चावा. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांची डबीतली कवळी या रविवारी बाहेर काढायला लावा व त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जा. ज्यांनी आपल्या तोंडचा घास काढून आपल्याला शिकविले, त्यांना स्वतःचा घास नीट चावता यावा, एवढे तरी आपण करू.