गावाचा अंक कोणी लिहावा?

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यात्रेच्या किंवा शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने पुष्कळ गावांतून गावाचा अंक निघतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अशा अंकात वाडा असतो, देवालय असते. वेशीबाहेरची वस्ती बहुधा नसते. वास्तविक शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. सारा भरण्यास लोकांना बोलावणे, मर्तिकाचा सांगावा परगावी नेणे ही कामेही त्याचीच. ज्याला गावाची शीव तोंडपाठ, त्याचेच नाव गावाच्या इतिहासात नाही! मी बँकेत खातेवह्या लिहिणारा माणूस. एक बाजू कोरी ठेवली तर ताळेबंद जुळत नाही, एवढे मला कळते.

मग ही बाजू लिहायची कोणी? उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली ‘खबर लहरिया’ हे बुंदेली पत्र सुरू झाले. ते चालविणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. काहींचे शिक्षण जेमतेम. त्यांनीच बातम्या जमविल्या, लिहिल्या आणि गावोगाव फिरून अंक विकले. २००९ साली युनेस्कोने साक्षरतेचा पुरस्कार देऊन या कार्याचा गौरव केला. म्हणजे गावाबद्दल लिहायला मोठी पदवी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेचे जनरल रजिस्टर पाहा. आपल्या वस्तीतली पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, याचा शोध घ्या. तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. त्या जमिनींचे पुढे काय झाले, ते तपासा.

मग आजीजवळ बसा. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. गिरणी आली, जाते थांबले. त्या ओव्या आठवणाऱ्या म्हाताऱ्या दरवर्षी कमी होत आहेत. कागदाला सरकारी दफ्तर आहे, आजीच्या बोलांना नाही.

सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख लिहा. दोघे वेगळे सांगत असतील तर दोन्ही लिहा. विहिरीवर अडविणारा गावचाच होता आणि चोरून पाणी देणारा असेल तर तोही गावचाच. दोघांची नोंद करा. छपाईला पैसे नसतील तर हस्तलिखित काढा. एक प्रत विहारात आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा, म्हणजे तो अंक सगळ्या गावाचा होईल.

जय भीम!